गहू बंद झाल्यावर

माझ्या मुलीचा गहू बंद झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. आता ती तेराची आहे. मधली वर्षं कशी गेली असं कोणी विचारलं तर मला पटकन काही सांगता येत नाही. स्वयंपाकघरात गेली आणि दवाखान्यातल्या खुर्च्यांवर गेली, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

आम्ही बहरीनमध्ये, मुहर्रकला राहतो. नवरा विमानतळावर कार्गोत आहे, त्याची शिफ्ट बदलत असते. मी जवळच एका माल पाठवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात क्लार्क आहे. दोघंही रायगडातले, श्रीवर्धनच्या बाजूचे कोकणी मुसलमान. घरात आमची बोली, शाळा मराठी, आणि इथे आल्यावर कामापुरती हिंदी, इंग्रजी, थोडी अरबी. मुलगी इथेच जन्मली. आमचं सगळं बोलणं तिला कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. पुढे ती मराठीत बोलताना दिसली तर बहुतेक ठिकाणी ते मीच मराठीत आणलेलं आहे. जिथे ती खरंच मराठीत बोलली, ते मी सांगेन.

लहानपणी तिचं पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. वर्गाच्या फोटोत ती पहिल्या रांगेत, तीही टोकाला. जंताचं औषध झालं, भूक लागायचं औषध झालं, दूध बंद करून पाहिलं. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळी रक्ततपासणी सांगितली, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा छोटा तुकडा काढून पाहिला. सिलिअ‍ॅक निघाला. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, तिच्यातूनच अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. गव्हातलं, जवातलं ग्लूटेन हिच्या अंगाला चालत नाही, त्यामुळे ती लव झडून गेली आहे. गहू पूर्ण बंद केला की परत येईल.

“किती दिवस बंद?” नवऱ्याने विचारलं.

“आयुष्यभर,” डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याने तो चित्राचा कागद पुढे ओढून परत पाहिला. मला मात्र, खरं सांगायचं तर, थोडं हायसंच वाटलं होतं. इतके दिवस काय झालंय तेच कळत नव्हतं. आणि गहू म्हणजे आमच्याकडे असं काय मोठं? आम्ही भाताची माणसं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि कालवण, ईदला सांदण. जी बाई आयुष्यभर चपात्या लाटत आली आहे तिला जड जाईल, मला काय! ज्यांना ज्यांना कळलं त्यांनीही हेच म्हटलं. गावाहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, बरं झालं, आपल्या पोरीला आपलंच खाणं मानवतंय.

मग मी घर साफ केलं. मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, पाव, सोया सॉससुद्धा बाहेर गेलं. त्यातही गहू असतो हे मला तेव्हा कळलं. नवा तवा, नवी लाकडी चमची, तिची वेगळी चाळण. नवऱ्याचं खुबूस, म्हणजे इथली भट्टीतली गव्हाची रोटी, घरात येणं बंद झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला भट्टी आहे, तिथलं गरम खुबूस हे त्याचं एकच व्यसन, पण त्याने कुरकुर केली नाही.

सकाळी मी उकड काढून भाकऱ्या थापायची. डब्यात भाकरी किंवा घावन. शाळेतून आल्यावर भात. संध्याकाळी तिला काहीतरी कुरकुरीत हवं असायचं, तेव्हा तांदळाचे पापड, तांदळाच्या फुगवलेल्या चकत्या, बटाट्याचे वेफर. सुट्टीच्या दिवशी सीफच्या मॉलमध्ये गेलो की तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमधून ग्लूटेन नसलेली बिस्किटं आणि केक. बाहेर जेवायचं तर आम्ही सगळ्यात आधी एकच विचारायचो, यात गहू आहे का. नाही म्हटलं की काम झालं. त्यापुढे काही विचारायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्या पहिल्या दिवसांच्या गोंधळात आमच्या कानांवरून गेलं.

वर्षभरात तिचं पोट उतरलं. उंची वाढली. गहू पोटात गेला की रक्तात जी अँटीबॉडी वाढते ती खाली आली आणि डॉक्टर खूश झाले. आम्ही त्या दिवशी तिला आइस्क्रीम दिलं, तेही वाचून, विचारून.

नंतर कधीतरी ती परत कोमेजायला लागली. नेमकं कधी ते सांगता येणार नाही, कारण असल्या गोष्टी एका दिवसात दिसत नाहीत. शाळेच्या बसमधून उतरताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. जिना चढताना मध्येच थांबायची. ओठांचे कोपरे चिरलेले. रात्री पाय दुखतात म्हणायची. केस विंचरताना माझ्या कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. खेळाच्या तासाला ती बाकावर बसून राहते असं शिक्षिकेने कळवलं.

आम्हाला वाटलं, कुठूनतरी गहू जातोय. दुसरं काय वाटणार? मी मुलीला एकदा विचारलं, शाळेत कोणाच्या डब्यातलं खातेस का. ती नाही म्हणाली आणि माझा विश्वास बसला, कारण त्या आधीच्या दुखण्याला ती माझ्यापेक्षा जास्त घाबरायची. मग मी बाकी सगळ्यांवर संशय घेतला. मसाल्यांवर, हिंगावर, टूथपेस्टवर. हिंगात खरंच गव्हाचं पीठ निघालं, तेव्हा मला वाटलं सापडला चोर. हिंग बंद केला. काही फरक पडला नाही. मग मी नवऱ्याचे शिफ्टवरून आलेले कपडे वेगळे धुवायला लागले. तो म्हणाला, “अगं, मी कार्गोत आहे, गिरणीत नाही.” तरी धुतले.

ते महिने मला आठवतात ते नुसते थकव्याने. ऑफिसातून आल्यावर पर्स ठेवायची ती सरळ ओट्याशी. मुलगी झोपेला आलेली, मी झोपेला आलेली, आणि मध्ये पाटावर तांदळाच्या पिठाचा गोळा.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हटलं, हिच्या पोटात गहू जातोय, कुठून ते मला कळत नाही. त्यांनी या वेळी जास्त तपासण्या लिहिल्या. रिपोर्ट आला तेव्हा अँटीबॉडी पूर्वीपेक्षाही खाली होती. गहू कुठूनच जात नव्हता. पण लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, ड जीवनसत्त्व फारच कमी, फोलेट कमी, झिंक काठावर. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आधीच पाठवायला हवं होतं, असं तेही म्हणाले.

त्या बाई इथल्याच, बहरीनी. मुहर्रकच्याच असाव्यात, कारण आमची गल्ली त्यांना लगेच कळली. हिंदी छान बोलायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खुर्ची मुलीकडे वळवली आणि तिलाच विचारलं, काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते सांग.

मुलगी म्हणाली, भाकरी.

“कशाची?”

“राइस.”

डब्यात काय होतं? घावन. ते कशाचं? राइस. दुपारी? राइस. संध्याकाळी? चकत्या. त्या कशाच्या, हे बाईंनी विचारलंच नाही, मुलगी स्वतःच म्हणाली, राइस. आणि तिला हसू आलं. बाईंनाही आलं. मला नाही आलं.

मी म्हटलं, सोबत मासे असतात, डाळ असते. बाईंनी मान हलवली आणि मुलीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली की मासा काट्याचा असला तर ती खात नाही, आणि डाळीचं पाणी घेते, डाळ खाली राहते. हे मला माहीत होतं. रोज तिच्या ताटातली डाळ मीच तर उचलत होते.

मग बाईंनी सांगितलं ते असं. इथे गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. शाळेतली बाकीची मुलं खुबूस खातात, पाव खातात, त्यातून त्यांना ते नकळत मिळत राहतं. हिचा गहू बंद केला, तो करायलाच हवा होता, पण त्यासोबत तेही गेलं. त्याच्या जागी आम्ही काय आणलं? पांढरा तांदूळ. आणि दुकानातली ती महाग बिस्किटं म्हणजे मक्याचं नाहीतर तांदळाचं पीठ, साखर आणि तूप. त्यात सहसा कोणी काही घालत नाही. हिचं आतडं आता बरं होत आलंय, आत घ्यायला तयार आहे, पण वरून येतंय काय?

“तुम्ही चुकीचं काही दिलं नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त एकच दिलं.”

आहारातून काय वाढवायचं ते बोलताना त्यांनी हब्ब रशाद म्हटलं. मला कळेना. त्यांनी फोनवर चित्र दाखवलं तर ते अळीव. इथेही बाळंतिणीला तेच देतात म्हणे, आमच्यासारखंच. त्या क्षणी मला उगाच रडू यायला लागलं. मी पाण्याची बाटली काढून पाणी प्यायले.

तिथून पुढे घरात वेळांचं राज्य सुरू झालं. लोहाचं औषध उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. त्याच्या आगेमागे दूध नाही, चहा नाही. कॅल्शियम संध्याकाळी, कारण दोन्ही एकत्र दिली तर लोह नीट लागत नाही. ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. लोहाच्या औषधाने तिचं पोट दुखायचं, दोन-दोन दिवस साफ व्हायचं नाही. चव गंजलेल्या खिळ्यासारखी आहे असं ती म्हणायची. मी एकदा जिभेवर घेऊन पाहिलं, तशीच होती. दात काळे पडू नयेत म्हणून स्ट्रॉने द्यायचं, लगेच चूळ भरायला लावायची. शाळेची बस दारात, नवरा रात्रपाळी करून आलेला, आणि मी स्ट्रॉ शोधत.

औषधं काही महिन्यांची. खाणं मात्र कायमचं बदलायचं होतं. बाईंनी नाचणी सांगितली होती, ज्वारी-बाजरी, राजगिरा, तीळ, डाळी, कलेजी. आमच्या घरात यातलं काही परकं नव्हतं. पण मनामाच्या दुकानांतून मिळणारं नाचणीचं पीठ ज्या गिरणीतून येतं त्याच गिरणीत गहूही दळलेला असतो. तेव्हा पीठ चालणार नाही, अख्खं धान्य आणायचं. निवडायचं, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. मग धुवायचं, गच्चीवर वाळवायचं, वाऱ्याने धूळ आली तर परत धुवायचं, आणि घरी मिक्सरवर थोडं थोडं करून दळायचं. पहिला मिक्सर नाचणीनेच जळाला. भर दुपारी मोटारीतून धूर निघाला आणि मी मिक्सर बंद करायच्या ऐवजी त्याच्याकडे बघत उभी राहिले. नवऱ्याने येऊन बटण बंद केलं.

सासूबाईंना व्हिडिओवर नाचणीची भाकरी दिसली तेव्हा त्या नाराज झाल्या. त्यांच्या लहानपणी डोंगरावरच्या जमिनीत नाचणी व्हायची, आणि घरातला तांदूळ पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. “आम्ही ती खाल्ली, भात नव्हता म्हणून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एवढ्या लांब जाऊन पोरीला तीच खायला घालता?” मी त्यांना लोह, कॅल्शियम असं काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नाही. पण पुढच्या वेळी गावाहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी नाचणी पाठवली, घरी धुऊन वाळवलेली, आणि कुळीथही. पिशवीचं तोंड इतकं घट्ट शिवलं होतं की मला कात्री घ्यावी लागली.

मुलीला मात्र नाचणीचा रंग आवडेना. डबा उघडला की वर्गातल्या मुली विचारतात, हे काय आहे, आणि तिला उत्तर देता येत नाही. मी तांदळाच्या पिठात थोडी नाचणी मिसळायला लागले. रंग जरा चॉकलेटसारखा यायचा. हळूहळू नाचणी वाढवत नेली. मासे मी काटे काढून, कुस्करून, त्याचे कटलेट करून द्यायची. अळीव नारळाच्या दुधात. कलेजी तिला, नवल म्हणजे, आवडली. तव्यावर काळ्या मिरीत परतलेली. डाळीचं तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही. मग मी डाळ वाटून तिचीच घावनं केली, ती चालली.

आणि ऊन. इथे उन्हाची कमी आहे असं कोणाला सांगितलं तर हसेल. पण वर्षातले कितीतरी महिने आम्ही एसीतून एसीत जातो. घरातून बसमध्ये, बसमधून वर्गात, आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर बाहेर. हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी मी तिला गच्चीवर घेऊन जायची. पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत ती पाय उघडे टाकून बसायची, मी नाचणी पसरायची. विमानं डोक्यावरून जायची तेव्हा दोघींना बोलणं थांबवावं लागायचं. खरं तर तेवढाच वेळ मला बरं वाटायचं.

या सगळ्यात नवऱ्याबद्दल एक सांगायचं राहतं. मी ठरवलं होतं की घरात सगळ्यांनी तेच खायचं जे ती खाते. तिला एकटीला वेगळं ताट नको. त्याने मान्य केलं. शिफ्टवरून आल्यावर नाचणीची भाकरी मुकाट्याने खायचा. हळूहळू तो जेवायला उशीर करायला लागला, आणि जेवायचाही कमी.

एका शुक्रवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लिंबं घेऊन येत होते. भट्टीच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत आमची गाडी उभी दिसली. आत तो होता. मांडीवर कागद पसरलेला आणि त्यावर खुबूस. सोबत काही नाही, नुसतंच खात होता. मी काच वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, घास तोंडातच. मग हात लांब करून बाजूचं दार उघडलं.

मी बसले. रागवायचं होतं, पण अंगात तेवढा जोर नव्हता. गाडीभर त्या गरम पिठाचा वास भरला होता.

तो म्हणाला, “घरात नेत नाही मी. हात धुतो, मगच वर येतो.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.” खरं म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं.

त्याने अर्धं खुबूस तोडून माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. कितीतरी दिवसांनी मी स्वतः न थापलेलं, न निवडलेलं, न वाचलेलं काहीतरी खात होते. आम्ही दोघांनी ते संपवलं. मग बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, तोंड धुतलं, मांडीवरचे कण बाहेर झटकले आणि वर गेलो. मुलगी सोफ्यावर झोपली होती.

त्यानंतर ते अधूनमधून होत राहिलं. त्याची सकाळची शिफ्ट असली की संध्याकाळी मी खाली जायची, काही आणायचंय असं सांगून. घरात बोलायला वेळ मिळत नव्हता तो तिथे मिळायचा. तिची फी, माझ्या आईचं ऑपरेशन, व्हिसा, सगळं आम्ही त्या गाडीत ठरवलं.

मुलीला ते कळलं होतं. किती दिवसांपासून ते ती आजही सांगत नाही. एकदा आम्ही वर आलो तर ती टेबलाशी गृहपाठ करत होती. मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, तुम्ही दोघं चोरी करून आल्यासारखे दिसता. नवरा हसला. मी काही सारवासारव करायला गेले. तिने पेन्सिल ठेवली आणि मराठीत म्हणाली, तिच्या त्या अडखळत्या मराठीत:

“अम्मी, घरात खा ना. मला काही होत नाही बघून. फक्त माझ्या तव्याला हात लावू नका.”

नवरा तोंड धुवायला आत गेला तो बराच वेळ आला नाही. मी तिच्या समोर बसून राहिले. ती परत गणितं सोडवायला लागली. मला वाटत होतं की एकच ताट करून मी तिला जपते आहे, आणि तिला त्याचं ओझं होत होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून खिडकीजवळच्या एका छोट्या टेबलावर आमचं खुबूस असतं, झाकलेलं. तिथला पंखा आम्ही लावत नाही. ती त्या बाजूला फिरकत नाही, पण तिकडे पाहून तोंडही फिरवत नाही.

लोह वर यायला खूप वेळ लागला. मला वाटलं होतं औषध सुरू केलं की महिन्याभरात गाल लाल होतील. तसं काही झालं नाही. आधी ओठांचे कोपरे भरले. मग पाय दुखायचे थांबले. मग एक दिवस शिक्षिकेने कळवलं की ती आता खेळते, पण भांडतेही. ड जीवनसत्त्व हिवाळ्यात वर यायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत घसरायचं. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी तोच आकडा पाहायची. फोलेट लवकर सुधारलं. झिंकचं कधी कळलंच नाही, काठावर होतं ते काठावरच राहिलं, आणि डॉक्टर म्हणाले तेवढं चालेल.

मध्ये मीही रक्त तपासून घेतलं. सिलिअ‍ॅक घरात एकाला असला की आईबापांनीही तपासून घ्यावं असं सांगतात. आम्हा दोघांनाही तो नव्हता. माझं हिमोग्लोबिन मात्र चांगलंच खाली होतं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काय खाता? मला आठवेना. ताटात जे उरायचं ते. त्यांनी मलाही त्याच गोळ्या लिहून दिल्या, मोठ्या माणसाच्या. मग आम्ही दोघी सकाळी लिंबूपाणी घेऊन समोरासमोर उभ्या राहायला लागलो. ती माझ्याआधी संपवायची आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबायची.

गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली आणि लोह परत खाली आलं. रिपोर्ट पाहिला तेव्हा मी ऑफिसात होते. मी फोन उलटा ठेवला आणि थोडा वेळ कागदांवर शिक्के मारत बसले. इतक्या वर्षांनंतर परत तेच, स्ट्रॉ नसेल, गोळी असेल, पण बाकी सगळं तेच. मला राग आला नाही. रागाला सुद्धा ताकद लागते. फक्त वाटलं, आता कोणीतरी दुसऱ्याने यावं आणि महिनाभर माझ्या जागी उभं राहावं.

घरी जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, ओके. एवढंच. तिला भीती वाटली नाही, की दाखवली नाही, मला माहीत नाही. रात्री तिने स्वतःच फ्रिजमधून कलेजी काढून बाहेर ठेवली.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. नवऱ्याची दुपारची शिफ्ट होती, त्याने आम्हाला दारात सोडलं आणि गेला. आमचा नंबर आला तेव्हा मी पर्स उचलून उठले, नेहमीप्रमाणे. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, आज मी एकटी जाते. मला डॉक्टरांना काही विचारायचंय. माझ्या हातातली फाइल तिने घेतली.

मी म्हटलं, “सगळं सांगशील ना? पोटाचं, आणि त्या गोळीने मळमळतं ते?”

“सांगेन,” ती मराठीत म्हणाली.

दार बंद झालं. मी परत बसले. समोरच्या टीव्हीवर आवाज नव्हता, कोणीतरी काहीतरी शिजवत होतं. बाजूच्या खुर्चीवर एक बाई लहान मुलाला बिस्किट भरवत होती, आणि मी सवयीने पुडक्यावर काय लिहिलंय ते वाचायला लागले. अर्धं वाचलं असेल. पुढचं मला आठवत नाही, इतकी गाढ झोप लागली.

कोणीतरी हलवलं तेव्हा समोर ती उभी होती, फाइल छातीशी धरून. बाजूची बाई निघून गेली होती. माझी मान अवघडली होती आणि ओढणी खाली सरकली होती. तिने ती उचलून माझ्या खांद्यावर टाकली.

“चल अम्मी,” ती म्हणाली. “झालं.”

आत काय विचारलं, काय उत्तर मिळालं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. टॅक्सीत तिने स्वतःच सांगितलं की गोळी बदलून दिली आहे आणि चार महिन्यांनी परत यायचंय. मग ती खिडकीबाहेर पाहायला लागली. गाडी मुहर्रकच्या पुलावर आली होती, दोन्ही बाजूंना ओहोटीचं पाणी. मी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. घरी पोचेपर्यंत तिने मला उठवलं नाही.